साखळी सापडते, हे आम्ही पाहिलं आहे

मा. पोलीस आयुक्त, दिल्ली,
पोलीस मुख्यालय, जयसिंग रोड, नवी दिल्ली



पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. तुमचे वरिष्ठ अधिकारी ज्या केडरमधून येतात, त्यात अरुणाचल आणि मिझोरामबरोबर गोवाही आहे. पणजीत काही वर्षं काढून आलेला एखादा अधिकारी मुख्यालयात सहज सापडेल, त्याच्याकडून वाचून घ्या. हिंदी-इंग्रजीतून तुमच्याकडे रोज तक्रारी येतात आणि त्यांचं पुढे काय होतं ते आम्ही पाहत आलो आहोत. एकदा भाषा बदलून बघायला काय हरकत आहे?

आधी एका चांगल्या कामाबद्दल बोलतो. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी तामिळनाडूच्या खासदार आर. सुधा चाणक्यपुरीत पोलंडच्या वकिलातीजवळ फिरायला निघाल्या होत्या. हेल्मेट घातलेला एक स्कूटरवाला समोरून सावकाश आला आणि त्यांच्या गळ्यातली सोन्याची साखळी ओढून पसार झाला. मानेला जखम झाली. संसदेचं अधिवेशन चालू होतं, आसपास सगळ्या वकिलाती. बाईंनी थेट केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं. दोन दिवसांत तुमच्या माणसांनी चोर पकडला आणि साखळीही परत मिळवली. अभिनंदन. यात उपरोध नाही. शेकडो कॅमेऱ्यांतलं चित्रण चाळून एका हेल्मेटवाल्याचा माग काढणं सोपं नसतं.

त्याआधीही तुम्हांला हे जमलेलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सिव्हिल लाइन्समध्ये पंतप्रधानांच्या एका नातलग बाईंची पर्स हिसकावली गेली आणि दुसऱ्या दिवशी आरोपी ताब्यात होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांची जुनी निळी वॅगन-आर सचिवालयाजवळून चोरीला गेली आणि दोन दिवसांत गाझियाबादेत उभी सापडली. त्या वेळी उपराज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना गाडी नेमून दिलेल्या जागी लावण्याचा सल्ला दिला होता. तेवढ्यापुरती मुख्यमंत्र्यांना आमच्यासारखी वागणूक मिळाली म्हणायची! फरक इतकाच की त्यांची गाडी परत आली. दिल्लीत दिवसाला शंभरेक वाहनं चोरीला जातात. त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांना कालांतराने मिळतो तो 'अनट्रेस' अहवाल, म्हणजे विमा कंपनीला दाखवायचा कागद.

तेव्हा दिल्ली पोलिसांना चोर सापडत नाहीत, ही तक्रार मी करणार नाही, कारण ती खरी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कोणाचा चोर शोधायचा, हे तुमच्याकडे आधी ठरतं आणि शोध नंतर सुरू होतो.

आम्ही राहतो पूर्व दिल्लीत, ज्याला बाकीची दिल्ली थोडं नाक मुरडून 'जमनापार' म्हणते. आमच्या सोसायटीतल्या एक बाई ई-रिक्षातून मेट्रो स्टेशनकडे जात होत्या. मागून मोटरसायकलवर दोघे आले आणि हातातला मोबाइल ओढून गेले. बाई ठाण्यात गेल्या. तिथल्या माणसाने पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि अगदी मायेने म्हणाला, "मॅडम, ऑनलाइन गुम होने की रिपोर्ट डाल दीजिए, सिम तुरंत मिल जाएगा. एफआयआर के चक्कर में कहाँ पड़ेंगी." ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका ठाण्याचा नाही. हे वाक्य दिल्लीच्या कोणत्याही वस्तीत म्हणून दाखवा, पुढचा शब्द लोक स्वतः पुरा करतील.

बाईंनी तसं केलं. सिम मिळालं. सरकारदरबारी त्यांचा मोबाइल त्यांच्या स्वतःच्या वेंधळेपणामुळे हरवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली 'हिसकावणं' हा स्वतंत्र गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली गेली. कायदा करणाऱ्यांनी एवढा विचार केला आणि ठाण्यातल्या टेबलावर त्याचं 'गुमशुदा' झालं. हरवलेल्या वस्तूचा तपास नसतो, तपास अधिकारी नसतो, आरोपी नसतो. ते दोघे मोटरसायकलवाले दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यावर येऊ शकतात, कारण त्या रस्त्यावर काही घडल्याचं तुमच्या नोंदीतच नाही.

साखळीचं तर याहून विचित्र आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगावकडची आमची माणसं देशभर सोन्या-चांदीची गलाई करतात. दिल्लीत करोलबाग आणि चांदणी चौकाच्या बाजूला त्यांची दुकानं आहेत. चोरीचं सोनं घेतल्याच्या संशयावरून पोलीस दारात येतात, हे त्यांचं फार जुनं दुखणं. पूर्वी कलम ४११ म्हटलं की गलाईवाल्याच्या पोटात गोळा यायचा, आता तेच कलम ३१७ झालं आहे. त्यांच्यात कोणी चोरांशी संगनमत करणारा नसेलच, असा दावा मी करत नाही. पण जिच्या गळ्यातून साखळी गेली तिची तक्रार नोंदायला वेळ नसतो, आणि वितळवणाऱ्याला दटावायला मात्र असतो. साखळी कोणाची, कुठून, किती वाजता गेली याचा कागदच नसेल, तर दुकानदारापुढे पुरावा म्हणून ठेवणार काय?

ही सवय का पडली, हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ठाणेदाराची कामगिरी त्याच्या हद्दीत किती गुन्हे 'कमी' झाले यावर मोजली जाते. गुन्हे कमी करायचे दोन मार्ग. एक अवघड आहे. दुसऱ्याला फक्त पेन खाली ठेवावं लागतं.

तुमच्याच खात्याचे आकडे पाहा. २०१२ साली दिल्लीत भारतीय दंड संहितेखाली सुमारे ५४ हजार गुन्हे नोंदले गेले. २०१३ साली ते ८० हजारांवर गेले आणि २०१४ साली दीड लाखाच्या घरात. दोन वर्षांत दिल्लीकर तिपटीने दुष्ट झाले काय? १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर रस्त्यावर उतरलेल्या मुलामुलींमुळे, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या अहवालामुळे आणि भीमसेन बस्सी आयुक्त असताना 'जे घडलं ते नोंदा' असा आग्रह धरला गेल्यामुळे तक्रारी कागदावर येऊ लागल्या, एवढंच झालं. म्हणजे त्याआधीच्या वर्षांत दर तीन तक्रारदारांतले दोन ठाण्याच्या पायरीवरून रिकाम्या हाताने परत गेले असावेत. माझ्या मते तुमच्या खात्याच्या अलीकडच्या इतिहासातलं हे सर्वांत प्रामाणिक पान आहे. आणि त्याबद्दल खात्याला काय मिळालं? 'राजधानीत गुन्ह्यांचा कहर' असे मथळे. आम्ही वाचकही त्यात सामील होतो, हेही खरं. खरं सांगणाऱ्यालाच फटके बसले, तर पुढचा ठाणेदार शहाणा होणारच.

कायद्याचं मी तुम्हांला काय सांगावं! ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगून टाकलं की तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यायची सोय केली आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने देण्याचीही. सगळं आहे. फक्त काउंटरच्या पलीकडे बसलेल्या माणसाला त्याची गरज वाटत नाही.

आता निठारीबद्दल. नोएडाचं सेक्टर ३१ उत्तर प्रदेश पोलिसांच्या हद्दीत येतं, तुमच्या नाही, हे मला माहीत आहे. पण राजधानी परिसरात राहणाऱ्यांसाठी ती हद्द म्हणजे सकाळी ऑफिसला जाताना ओलांडायचा एक पूल आहे. निठारी हे सेक्टरांच्या मधोमध उरलेलं गाव, त्यात बंगाल-बिहारकडून आलेली, घरकाम करणारी, रिक्षा ओढणारी माणसं. २००५ आणि २००६ मध्ये तिथली मुलं एकामागून एक नाहीशी होत गेली. आईबाप चौकीत जात होते. मुलगी असेल तर 'पळून गेली असेल' आणि मुलगा असेल तर 'येईल परत', असं ऐकून घरी येत होते.

त्याच नोएडात नोव्हेंबर २००६ मध्ये एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुखाच्या तीन वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. सगळी यंत्रणा हलली, वाहिन्यांनी दुसरी बातमी दाखवली नाही, आणि आठवड्याच्या आत मूल सुखरूप घरी आलं. फार चांगलं झालं. ते मूल परत आलं याचा आनंद निठारीतल्या आईबापांनाही झाला असेल. पुढच्याच महिन्यात, २९ डिसेंबर २००६ रोजी, निठारीतल्या डी-५ बंगल्यामागच्या नाल्यातून त्यांच्या मुलांचे सांगाडे निघायला लागले. काही पोलीस निलंबित झाले, काही बडतर्फ. तपास सीबीआयकडे गेला. दोघा आरोपींना फाशीच्या शिक्षा झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचे बहुतेक खटले फेटाळून त्यांना निर्दोष ठरवलं. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने उरलेल्या एका खटल्यातली शिक्षाही रद्द केली. म्हणजे एकोणीस वर्षांनंतर, त्या मुलांना कोणी मारलं, याचं न्यायालयात टिकणारं उत्तर या देशाकडे नाही. गुन्ह्याचा तपास ज्या दिवशी सुरू व्हायला हवा, त्या दिवशी तो झाला नाही की पुढे कितीही मोठी संस्था आणा, हाताला काही लागत नाही. साध्या 'मिसिंग'च्या अर्जाची ही किंमत आहे. पुढे मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार अपहरण समजून नोंदवा. आदेश द्यावा लागला, यातच सगळं आलं.

यातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट सांगतो. आमच्यासारख्या सोसायट्यांत घरकामाला बाई ठेवायची तर तिची पोलीस पडताळणी करा, असा तुमचा आग्रह असतो. फलक लागतात, अर्ज येतात, तिचा फोटो आणि गावचा पत्ता ठाण्यात पोहोचतो. आमच्या घरातल्या दागिन्यांना तिच्यापासून धोका असू शकतो, हे खात्याला चटकन पटतं. तिच्या मुलीला या शहरापासून धोका असू शकतो, हे पटायला नाल्यातून हाडं निघावी लागली. तिची माहिती तुमच्याकडे आहे, तिचं ऐकून घेण्याची सोय नाही.

आम्ही मध्यमवर्गीयांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. रात्री अकराला कॉलनीची फाटकं बंद. देखभाल खर्चात गार्डचे पगार. बारा-बारा तास उभा राहणारा, शिट्टी फुंकणारा, गोरखपूर नाहीतर दरभंग्याहून आलेला पोरगा हा आमचा खरा पोलीस. दिल्ली सरकारने दोन लाखांहून अधिक कॅमेरे बसवले, त्यांतले काही आमच्याही गल्लीत आहेत. पण संगम विहारच्या किंवा सुलतानपुरीच्या गल्लीला फाटक लावता येत नाही आणि गार्ड परवडत नाही. आम्ही सुरक्षा विकत घेतली की चोर तिकडे सरकतो. पोलिसांचं काम महिन्याच्या वर्गणीवर आलं की असंच होणार.

सुलतानपुरी म्हटलं की १ जानेवारी २०२३ ची पहाट आठवते. स्कूटीवरून घरी चाललेल्या वीस वर्षांच्या मुलीला मोटारीने धडक दिली आणि गाडीखाली अडकलेल्या अवस्थेत तिला कंझावलापर्यंत सुमारे बारा किलोमीटर फरफटत नेलं. नववर्षाची रात्र, शहरभर बंदोबस्त. लोकांनी पीसीआरला फोन केले, एकाने तर गाडीचा पाठलाग केला. गृह मंत्रालयाच्या सांगण्यावरून रोहिणी जिल्ह्यातले तुमचे ११ कर्मचारी निलंबित झाले. निलंबन ठीक. पण बारा किलोमीटरच्या रस्त्यावर पीसीआर गाड्या होत्या, नाकाबंदीच्या जागा होत्या, हजेरीपत्रकावर सगळे होते, आणि एक मोटार कोणी थांबवली नाही. तुमचा बंदोबस्त कोणाकडे तोंड करून उभा असतो, हे त्या रात्री दिसलं.

शिपायांवर राग काढून उपयोग नाही, हेही जाणतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, अधिवेशनं, परदेशी पाहुणे, जी-२०, रोजचे मोर्चे, मंत्र्यांच्या गाड्या जाईपर्यंत चौकात उभं राहणं. यातून बीटवरच्या शिपायाला बीटवर फिरायला वेळ मिळतो कधी? ५ नोव्हेंबर २०१९ हा दिवस तुमच्या खात्यात कोणी विसरलेलं नसेल. तीस हजारी न्यायालयातल्या मारामारीनंतर हजारो पोलीस कुटुंबांसह तेव्हाच्या मुख्यालयासमोर, आयटीओला, रस्त्यावर बसले होते. आमचं कोणी ऐकत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आयुक्तांना बाहेर येऊन समजूत घालावी लागली. ते दृश्य पाहून दिल्लीकरांना हसू आलं नाही. ठाण्याबाहेर बसलेल्या माणसाला कसं वाटतं, हे त्या दिवशी खाकीतल्या माणसांनाही कळलं होतं. मग ते टिकलं का नाही?

एक अडचण मात्र तुमच्या हातातली नाही. १९९१ च्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा मिळाली, पण पोलीस केंद्राकडेच राहिले. आमचा आमदार ठाण्याकडे बोट दाखवतो, ठाणं गृह मंत्रालयाकडे, आणि गृह मंत्रालयापुढे अख्खा देश असतो, तिथे आमच्या गल्लीचा मोबाइल कुठे पोहोचणार? महाराष्ट्रात निदान विधानसभेत गृहमंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागतं; २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटलांना पद सोडावं लागलं. मराठी माणूस गृहमंत्री असता तर वेगळं झालं असतं, असंही कोणी समजू नये. यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण, शिवराज पाटील, सुशीलकुमार शिंदे असे चार जण त्या खुर्चीवर बसून गेले आणि दिल्लीच्या ठाण्यातलं टेबल होतं तिथेच राहिलं. पक्षही बदलून पाहिले. त्यामुळे मी गृहमंत्र्यांना लिहिलं नाही, तुम्हांला लिहितोय. ठाणेदाराला काय विचारायचं, हे ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे आणि त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

एक आमच्याकडचं उदाहरण तुमच्या कामाचं आहे. १९८४ साली भिवंडी दंगलीत होरपळली होती. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या बांधल्या, त्यांत दोन्ही समाजांची सामान्य माणसं घेतली आणि पोलीस शिपायालाच त्या कामाच्या केंद्रस्थानी आणलं. शिपाई वस्तीत बसू लागला, भांडणं छोटी असतानाच त्याच्या कानावर येऊ लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यासाठी ना कॅमेरे लागले, ना ॲप. शिपायाला वस्ती ओळखत होती आणि तो वस्तीला, एवढ्यावर ते झालं. माझ्या बीटच्या शिपायाचं नाव काय, असं आमच्या सोसायटीच्या बैठकीत विचारलं, तर कोणालाच सांगता आलं नाही. सचिवांकडे एक नंबर होता. तो बदलून गेलेल्या माणसाचा निघाला.

तेव्हा मागणं असं आहे. बीटच्या शिपायाला बंदोबस्तासाठी उचलणं थांबवा. सगळ्यांना जमणार नाही, निदान प्रत्येक ठाण्यातल्या ठरावीक शिपायांना तरी वर्षभर हात लावू नका. प्रत्येक ठाण्याच्या दारावर दर महिन्याला मोठ्या अक्षरांत लिहा: हद्दीतून ११२ वर किती फोन आले, किती तक्रारी आल्या, किती एफआयआर नोंदले, किती 'हरवले'त गेले. तुमचीच माणसं साध्या कपड्यांत तक्रारदार म्हणून ठाण्यात पाठवा आणि त्यांना काय उत्तर मिळतं ते ऐका. एका दुपारी कळेल सगळं. आणि ठाणेदाराला जाब विचारायचाच तर गुन्हे वाढले म्हणून विचारू नका, फोन भरपूर आणि एफआयआर मोजके असतील तेव्हा विचारा.

पुढच्या वार्षिक पत्रकार परिषदेत गुन्हे वाढल्याचे आकडे सांगायची तयारी ठेवा. वर्तमानपत्रं ओरडतील, संसदेत प्रश्न येतील. त्या दिवशी आमच्यासारख्या रहिवासी संघटनांनी तुमच्या बाजूने लिहायला हवं, आणि मी तरी लिहीन. पण सुरुवात तुम्हांला करावी लागेल. त्यासाठी एका ओळीचा आदेश पुरेल: हिसकावलेल्या वस्तूची नोंद हरवलेल्या वस्तूत करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई होईल. तो या महिन्यात काढा.

आपला,
पूर्व दिल्लीतला एक मराठी रहिवासी